हजार पाकिटं, एक काना

३ तारीख, सोमवार

वही टक्केवाल्या काकांनी दिली. ते माझे सख्खे काका नाहीत, कचेरीतले आहेत. त्यांना "कसे आहात" विचारलं की "ऐंशी टक्के बरा" म्हणतात. आज मला म्हणाले, "पोरी, तुझं अक्षर गोल आहे, पण हात अडखळतो. रोज घरी पानभर लिहीत जा. काय वाटेल ते लिही, हात चालल्याशी मतलब." मी म्हटलं, मला काय काय वाटतं ते लिहायला बसले तर वही पुरायची नाही. म्हणाले, दुसरी देईन.

सातवीनंतर पहिल्यांदाच लिहितेय. चुका असतील.

आमचं काम असं. कंपन्यांना लोकांचं मत पाहिजे असतं. साहेब प्रश्न काढतात, मी पाकिटात घालते, टपालाने हजार घरी जातं. लोकांनी उत्तरं भरून परत पाठवायची. लोक पाठवत नाहीत. झालं, एवढाच धंदा. मागच्या खेपेला छत्र्यांबद्दल विचारलं होतं. हजारातनं एकोणीस आली. त्यातली दोन कोरी, आणि एकात कुणाची तरी वाणसामानाची यादी. साहेबांनी यादीपण मोजली.

आता उशीच्या कारखान्याचं काम आलंय. कारखान्याच्या मालकीणबाईंनी सांगितलंय, महिनाअखेर तीनशे उत्तरं द्या, नाहीतर राम राम. साहेब म्हणाले, मग कचेरीला कुलूप.

कुलूप लागलं तर मी कुठे जाऊ? बाळाला घेऊन कामावर कोण येऊ देतं? इथे ती पाकिटांच्या खोक्यात झोपते, साहेब तिला पार्सल म्हणतात. काम गेलं तर घर सोडून मोठ्या जाऊबाईंकडे राहायला जायचं, असं ह्यांनी फोनवर सांगितलंय. हे ट्रकवर असतात, पंधरवड्याने येतात, त्यांना सांगायला काय जातं! जाऊबाईंनी सोफ्यावरचं प्लास्टिक चार वर्षं काढलेलं नाही. तिथे माझी मुलगी रांगणार कुठे? मी रांगणार कुठे?


४ तारीख, मंगळवार

काकांनी आज शिकवलं. छापील पत्ता दिसला की लोक पाकीट न उघडता टाकतात. हाताने लिहिलेला दिसला की वाटतं, आपलं कुणीतरी आहे. म्हणून हजार पत्ते मी लिहायचे. दुसरं, शिक्का मारलेलं पाकीट सरकारी वाटतं, तिकीट चिकटवलेलं घरचं वाटतं. म्हणून हजार तिकिटं चिकटवायची. आत परतीचं पाकीट, त्यावरपण तिकीट. म्हणजे दोन हजार.

मी जिभेने चिकटवली. संध्याकाळी जीभ टाळूला चिकटली. घरी सासूबाईंनी काहीतरी विचारलं, मी "म्म" म्हटलं. त्या म्हणाल्या, "बघा, पगार मिळायला लागला तर बोलायचं बंद."


५ तारीख, बुधवार

साहेब म्हणाले, एक पाकीट घरी ने, घरच्या माणसावर करून बघ. मी आईंना दिलं. सासूबाईंना मी आईच म्हणते. त्यांनी पाकीट उजेडाला धरलं, हलवलं, वास घेतला.

"कुणाचं आहे?"

"आमच्याच कचेरीचं."

"मग तोंडाने विचार की. समोर तर उभी आहेस."

मग परतीच्या पाकिटावरचं तिकीट त्यांनी किटलीच्या वाफेवर धरलं, अलगद सोडवलं आणि डब्यात ठेवून दिलं. "कोरं आहे. उपयोगी पडेल."

हे कचेरीत सांगितलं. काकांनी लिहून घेतलं: तिकीट सोडवून ठेवणारे, शंभर टक्के. एकाच माणसाला विचारलं होतं म्हणून शंभर.


६ तारीख, गुरुवार

साहेबांना कुणीतरी सांगितलं, पाकिटात काहीतरी भेट घाला, माणूस ओशाळतो आणि उत्तर देतो. साहेबांनी हजार छोट्या पेन्सिली आणल्या. टोक केलेल्या! चाळीस पाकिटांना भोकं पडली. मग मी बसून टोकं बोथट केली. टोक करायला माणसं ठेवतात, मी टोक मोडायला आहे.

पार्सलने एक पेन्सिल तोंडात घातली. शाळेत एका मुलीने पेन्सिल गिळली होती ते आठवलं आणि मी बोट घालून पेन्सिल ओढून काढली. ती मुलगी बरी झाली होती पुढे, पण ते नंतर आठवलं.


७ तारीख, शुक्रवार

आज मोठं काम दिलं. काका म्हणाले, नुसता पत्ताच हाताने कशाला, अख्खा कागदच हाताने लिहिलेला दिसू दे. एक कागद मी सुंदर लिहायचा, त्याच्या मशीनवर हजार प्रती काढायच्या. साहेबांनी कच्चा कागद दिला. साहेबांचं अक्षर म्हणजे मुंगी शाईत बुडून घरी चालत गेलेली. काना, मात्रा, वेलांटी काही दिसत नाही, अंदाजाने ओळखायचं.

पार्सल मांडीवर होती, तरी एकही डाग पडू दिला नाही. प्रश्न इथेपण उतरवते, हाताला सराव.

१. सकाळी उठल्यावर मन दुखते का? किती दिवसांपासून?
२. मन कोणत्या बाजूला जास्त झुकते?
३. मन वळवताना त्रास होतो का?
४. मन अवघडल्यास आपण काय करता?
५. यासाठी उशी बदलून पाहिली आहे का?

लिहिता लिहिता मला भरून आलं. उशीवाले किती चांगले असतील! छत्रीवाल्यांनी नुसतं विचारलं होतं दांडा लांब पाहिजे का आखूड. आणि हे, सकाळी उठल्यावर मन दुखतं का! इतक्या महिन्यांत मला कुणी विचारलं नाही. बाळ दूध पिते का विचारतात, वजन विचारतात, रंग कुणावर गेला तेपण विचारतात.

पाचवा प्रश्न आधी कळला नाही. मग कळला. रडायचं म्हटलं की माणूस उशीतच तोंड खुपसतो. उशीवाल्यांना नाही कळणार तर कुणाला कळणार?

साहेबांनी कागद हातात घेऊन घडाघडा वाचला, मान डोलावली, "फस्क्लास" म्हणाले. काकांनी पट्टीने समास मोजला, तो बरोबर निघाला.


१२ तारीख, बुधवार

पाच दिवस लिहिलं नाही, हात नव्हता उरला. हजार पाकिटं गेली. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात बारीक नंबर घातलाय, कुठला कागद कुठल्या घरचा ते कळावं म्हणून. पोस्टमनमामांनी पोती उचलली आणि म्हणाले, "ह्यात खडखड काय वाजतंय?"

"पेन्सिली."

"मागच्या वेळी उत्तरं आली नव्हती म्हणून आता वाजवून पाठवताय होय!"


१७ तारीख, सोमवार

काही नाही. एकही नाही. साहेब खिडकीत उभे. काका म्हणाले, शून्य टक्के. साहेब म्हणाले, ते मला दिसतंय. काका म्हणाले, पूर्णांकात सांगितलेलं बरं असतं.

आज पार्सल झोपलेली असताना मी नऊ वेळा तिच्या नाकाशी बोट धरलं, श्वास चालू आहे का बघायला. नवव्या वेळी तिने बोट चावलं. श्वास चालू होता.

जाऊबाईंचा फोन आला होता म्हणे. आईंना विचारत होत्या, तुमच्या खाटा किती, मोजून सांगा. आईंनी फोन आपटला. त्यांनापण जायचं नाहीये. मला तोंडाने म्हणाल्या नाहीत, पण डब्यातलं ते तिकीट माझ्या पुढ्यात ठेवलं. "घे. चिकटव कुठेतरी."


१८ तारीख, मंगळवार

एक आलं! साहेबांनी स्वतः फोडलं. आत आपला कागद कोराच, सोबत चिठ्ठी: "पेन्सिल मिळाली. आभारी आहे. खोडरबरही पाठवावे." साहेब खुर्चीत बसले ते बसलेच.


२० तारीख, गुरुवार

काल सदतीस. आज एकशे बारा. पोस्टमनमामा पोतं टेकवून म्हणाले, "उशा फुकट वाटताय का?" काका पाकिटं मोजतात, वर नंबर घालतात, गठ्ठा बांधतात. उघडायचं काम माझं. साहेबांनी हुकूम दिलाय, आकडा पुरा होईपर्यंत आत कुणी डोकं घालायचं नाही, मोजा आणि बांधा. पण उघडताना नजर पडतेच. मी काय डोळे मिटून उघडू?

एका निवृत्त मास्तरांनी लिहिलंय, "मन वळवताना फार त्रास होतो. अकरा वर्षे मुलाचे वळवीत आहे. वळत नाही."

एकाने लिहिलंय, "मन समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याकडे झुकते. कृपया कुठे बोलू नये, हाच कागद बायकोही भरणार आहे." त्याखाली बायकोचं अक्षर: "माझे डावीकडे झुकते. हे उजवीकडे झोपतात."

एका बाईने पाचव्याला, "उशी बदलून पाहिली. नवरा बदलून पाहायचा राहिला आहे."

आणि एक दातांचे डॉक्टर: "मन दुखत नाही. दात विचारले असते तर सांगता आले असते."

हसले, मग तोंडावर हात ठेवला. पार्सल दचकली. तिने मला बहुतेक पहिल्यांदाच इतक्या जोरात हसताना ऐकलं.


२१ तारीख, शुक्रवार

दोनशे अठ्ठ्याऐंशी. एका पाकिटात अकरा पानं निघाली, शेवटी लिहिलंय "जागा अपुरी पडली, दुसरा कागद पाठवा."

एक पेन्सिलीने लिहिलेलं होतं, आमच्याच बोथट पेन्सिलीने. "मन सकाळी दुखते. पाच महिन्यांपासून. बाळ झोपले की मी त्याच्या नाकाशी बोट धरते. कुणाला सांगितले तर वेडी म्हणतील. उशी बदलली नाही, बाळ तिच्यावर झोपते."

हे मी चार वेळा वाचलं. मग गठ्ठ्यात बांधलं. मग सोडून परत वाचलं. मला वाटत होतं अशी मी एकटीच.


२४ तारीख, सोमवार

चारशे बारा!! काका खुर्चीवरून उठले. म्हणाले, "एक्केचाळीस पूर्णांक दोन टक्के. पोरी, मी एकतीस वर्षं ह्या कामात आहे. एक्केचाळीस मी फक्त वयाने पाहिलेत." साहेबांनी सगळ्यांना चहा आणि बिस्किटं दिली. एकमेकांना विचारत बसले, कशाने झालं असेल. साहेब म्हणाले पेन्सिल. काका म्हणाले हाताचं अक्षर. मी म्हटलं, प्रश्नच चांगले होते. साहेब लाजले. म्हणाले, "अनुभव असतो गं."

घरी आईंना सांगितलं. त्यांनी जाऊबाईंना स्वतःहून फोन लावला आणि खाटांचा विषय न काढता पंधरा मिनिटं हवापाण्यावर बोलल्या.


२६ तारीख, बुधवार

आज काय झालं ते नीट लिहायला जमेल का माहीत नाही.

काकांनी गठ्ठे सोडले, तक्ता करायला. तक्त्यात रकाने: डावीकडे, उजवीकडे, मधे. पहिला कागद वाचला. चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"साहेब, ह्या गृहस्थांची मान समोरच्या इमारतीकडे झुकते."

"कुठल्या इमारतीकडे?"

"समोरच्या. दुसरा मजला."

"दुखापत असेल," साहेब म्हणाले. "पुढचा बघा."

"पुढच्यांची मान थोरल्या लेकीकडे झुकते. ह्यांची मोडली आहे, लग्नात. आणि ह्यांची, साहेब, ह्यांची मान कुणी ओळखतच नाही."

साहेबांनी कागद ओढून घेतला. ओठ हलवत वाचला. मग माझ्याकडे बघून एकदम ओरडले, "बाई, काना कुठे गेला?"

मी घाबरून पार्सलकडे धावले. "दोन्ही आहेत हो साहेब! हा एक, हा एक!"

"कान नाही! काना! मानेचा काना!"

मला मेलीला तरी कळेना. मग काकांनी बोट ठेवून दाखवलं. म, त्याला काना, न. मान. उशी कशाखाली असते? मानेखाली. काय दुखतं? मान. साहेबांनी मान लिहिलं होतं, मला मन दिसलं. एकदा नाही, चारही वेळा. आणि मी त्यावर रडलेपण होते.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. उद्या मालकीणबाई यायच्या आहेत. म्हणाले, "चारशे बारा कागद, आणि मानेबद्दल एक अक्षर नाही."

काकांनी सुचवलं, पेनने काना घालून टाकू, कुणाला कळणार? आम्ही तिघांनी बसून सुरुवात केली. वीसेक कागद झाले. मग साहेबांनी एक मोठ्याने वाचला: "मान अवघडल्यास काय करता? गच्चीत जाऊन गाणी म्हणतो, ती परत येते."

साहेबांनी तो कागद बाजूला ठेवला.

पुढचा बोथट पेन्सिलीचा होता. मी त्यावर हात ठेवला. म्हटलं, ह्याला काना घालायचा नाही. साहेब म्हणाले, का? मी म्हटलं, लोकांनी खरं लिहिलंय. चूक माझी आहे, त्यांच्या कागदाला कशाला? मी सांगते मालकीणबाईंना. तोंडातून निघून गेलं, मग मी पार्सलला उचलून घेतलं. आत्तापण तिला मांडीवर घेऊनच लिहितेय. अक्षर बघा.


२७ तारीख, गुरुवार

मालकीणबाई बारक्या आहेत. मला वाटलं होतं उशीसारख्या असतील. त्या बसल्या, साहेब म्हणाले "चहा?", आणि मी मधेच म्हणाले, "काना माझ्याकडून राहिला." त्यांना वाटलं मी चहातलं काहीतरी सांगतेय.

सगळं सांगितलं. मान खाली घालून सांगितलं. त्यांनी गठ्ठा मागितला. एक वाचला. मग दुसरा. अकरा पानांचापण वाचला. चहावर साय आली. मधे एकदा हसल्या, मधे एकदा रुमाल काढला आणि साहेबांकडे बघून नाक शिंकरलं, जसं काही सर्दीच आहे.

मग गठ्ठा बांधून टेबलावर ठेवला. "छान आहे. पण मला ह्याचा उपयोग काय? मी उशा करते. उशी डोक्याखाली लावतात, मनाला लावून घेत नाहीत. मला मान पाहिजे. तीनशे माना."

साहेब म्हणाले, "मुदत द्या."

"दहा तारीख. त्याच्यापुढे नाही." मग मला म्हणाल्या, "तुम्ही सातवी ना?"

"हो."

"काना कितवीत शिकवतात?"

"पहिलीत."

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या.


२८ तारीख, शुक्रवार

काका म्हणाले, नवे हजार लोक काढायला वेळ नाही. मी म्हटलं, ह्याच लोकांना परत विचारू. साहेब म्हणाले, "एकदा उत्तर दिलेला माणूस दुसऱ्यांदा देत नसतो. आधी तर पहिल्यांदाच देत नाही." काका म्हणाले, नाही, दुसऱ्यांदा आठवण केली की थोडे वाढतात. किती? थोडे.

जोडकार्डं आणायची ठरली. म्हणजे एकाला एक चिकटलेली दोन कार्डं. एकावर आपण लिहायचं, दुसरं फाडून त्यांनी परत पाठवायचं. काय लिहायचं? साहेबांनी मजकूर काढला: "अनवधानाने झालेल्या मुद्रणदोषाबद्दल..." मी म्हटलं, साहेब, मुद्रण नाही हो, मीच. मग मीच लिहिलं:

"मी पाकीटवाली. मागचा कागद मी लिहिला. माझा काना राहिला. मान विचारायची होती, मन लिहिलं गेलं. तुमचं सगळं मिळालं. आता मान दुखते का तेवढं कळवा, नाहीतर माझं काम जाईल."

साहेब म्हणाले, शेवटचं वाक्य धंद्यात चालत नाही. काका म्हणाले, राहू द्या.


३० तारीख, रविवार

चारशे बारा कार्डं, सगळी हाताने. शनिवार-रविवार घरी आणली. "मान" हा शब्द आला की माझं पेन थांबायचं, काना घातला की नाही, घातला की नाही. एका कार्डावर दोन घातले. माान.

आई बघत होत्या. म्हणाल्या, "काय उभी रेघच ना? मी घालते." आईंना लिहिता-वाचता येत नाही, पण उभी रेघ येते. मग मी सगळं लिहायचं, म आणि न मधे जागा सोडायची, आणि कार्ड पुढे सरकवायचं. आई जीभ बाहेर काढून, श्वास रोखून, काना घालायच्या. जाड. खांबासारखा. शंभरेक झाल्यावर त्यांना मोजायची हौस आली. "अजून एक खांब. अजून एक. बघते तुझा साहेब आता कसा काना हरवतो."

चारशे बारा कार्डं झाली. एकही राहिला नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "हे मी केलं म्हणून कचेरीत सांग."


४ तारीख, शुक्रवार (नवा महिना)

अठ्ठावन्न. मला नीट झोप नाही, पार्सलला दात येतोय. दोघींची चिडचिड सारखीच.


७ तारीख, सोमवार

एकशे नव्वद. ह्यांचा फोन आला. म्हणाले, "दादाशी बोललोय, खोली रिकामी करतायत." मी म्हटलं, दहा तारखेपर्यंत काही बोलायचं नाही. ते "बरं" म्हणाले. मी असं कधी बोलत नाही. फोन ठेवल्यावर बोटांवर दिवस मोजले, तीन उरलेत.


९ तारीख, बुधवार

दोनशे चौसष्ट. छत्तीस कमी. आज टपाल एकदाच आलं, आणि त्यात काही नव्हतं, विजेचं बिल सोडून.


१० तारीख, गुरुवार

सकाळी टपाल नाही. दुपारी नाही. चार वाजता मालकीणबाई आल्या आणि बसल्या. साहेबांनी चहापण विचारला नाही. काका तोच आकडा परत परत मोजत होते. दोनशे चौसष्ट. वाढतो का कुठे!

साडेचारला मी पार्सलला काकांकडे दिली आणि पळत पोस्टात गेले. चप्पल अडकवायची राहिली, एकच घातली होती. मागच्या खोलीत पोस्टमनमामा, खिडकीवरच्या बाई आणि शिक्के मारणारे गृहस्थ स्टुलांवर बसले होते. मधे आमचं पोतं, उघडं.

"मामा!"

मामा दचकून उठले. "अगं, आणतच होतो. कार्डं उघडी असतात, नजर पडते. कालपासून जरा... तू मागची उत्तरं सांगितली होतीस ना, ती ह्यांना सुरुवातीपासून सांगावी लागली."

खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "त्या इमारतवाल्याने लिहिलंय, मान दुखते, खिडकीतून वाकून बघितल्यामुळे. आणि बायकोने त्याच कार्डावर लिहिलंय, पडदा लावलाय, आता बरी आहे. मास्तरांचं आलं का हो तुमच्याकडे? मुलाचं मन वळलं का?"

मी पोतं ओढायला लागले. मामांनी दुसरं टोक धरलं. एका चपलेने मी आणि एका टोकाने मामा, असे आम्ही रस्त्यातून आलो.

काकांनी मोजायला घेतलं. मालकीणबाई घड्याळाकडे बघत होत्या, साहेब छताकडे. दोनशे नव्वद. दोनशे अठ्ठ्याण्णव. एक कार्ड खोडरबरवाल्याचं, "मान ठीक. खोडरबर अद्याप नाही." ते धरलं. तीनशे. काका थांबले नाहीत. शेवटी म्हणाले, "तीनशे एकाहत्तर. पाठवलेल्यांतले नव्वद टक्के." आणि पार्सलला उचलून तिच्या पोटावर तोंड घासलं. ती रडली. साहेबपण.

मालकीणबाईंनी दहाबारा कार्डं चाळली. "मान दुखते, डावीकडे. बरं. मान दुखत नाही. बरं. हे काय लिहिलंय खाली?" सगळ्यांचंच काहीतरी खाली लिहिलेलं होतं. "मानेचे ठीक आहे, पण मनाचे लिहिले होते, त्याचे पुढे काय?" "मान दुखते. मागचे वाचलेत का?" "आपले काम जाऊ नये. उत्तराची वाट पाहतो."

साहेब म्हणाले, "सर्वेक्षणवाले उत्तर देत नसतात. आपण फक्त विचारतो."

काका म्हणाले, "म्हणजे लोकांचा प्रतिसाद नव्वद टक्के. आपला शून्य."

मालकीणबाई उठल्या. "पुढचं काम गाद्यांचं आहे. प्रश्न हिच्याच हातचे पाहिजेत, हजार जातील. कागद निघायच्या आधी कुणीतरी मोठ्याने एकेक अक्षर वाचायचं." दारात थांबल्या. "तिकिटांची पेटी पाठवते. ह्या लोकांना काहीतरी लिहा."

म्हणजे काम राहिलं. हे मी आता परत वाचतेय. काम राहिलं. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "माझ्या रेघांचं काही म्हणाल्या का?"


११ तारीख, शुक्रवार

सकाळी गठ्ठा घेऊन बसले. पार्सल खोक्यात उभी राहिली, धरून. वरचं पत्र अकरा पानांचं. मी आधी कधी कुणाला उत्तर लिहिलेलं नाही. काय लिहितात? डॉक्टरीण असते तर औषध सांगितलं असतं. काकांना विचारलं, ते म्हणाले, "ह्यात टक्के नाहीत पोरी, मला काय विचारतेस?"

अर्धा तास पेन चावलं. मग लिहिलं:

"तुमचं पत्र मिळालं. अकराही पानं वाचली. माझं पण दुखतं. सकाळी जास्त, दुपारी काम असतं म्हणून कमी. पाकीटवाली."

चारदा वाचून बघितलं, काही राहिलं नाही ना. तिकीट लावलं. चारशे अकरा उरलीत.